गिफ्ट, आहेर आणि छत्री

तरुणपणी मला एक रोग होता, इंग्रजी शब्द पाठ करण्याचा. बेळगावकडच्या खेड्यातून मी बेंगळूरला आलो ते पन्नासच्या दशकात. एका सरकारी कारखान्यात पत्रव्यवहार खात्यात कारकून म्हणून चिकटलो आणि पहिला पगार हातात पडताच डिक्शनरी घेतली. शर्ट पाठीवर विरले होते, पण शर्ट काय, कोटाखाली झाकता येतो. इंग्रजी झाकून चालत नाही, असं माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान होतं. बसमध्ये उभ्या उभ्या मी शब्द घोकत असे, आणि घोकलेला शब्द संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी अंगावर फेकल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे.

आमच्या कारखान्यात साहेबांची पत्रं टाइप करणाऱ्या एक अँग्लो-इंडियन बाई होत्या. राहायच्या कॅन्टोन्मेंटात. त्यांना सगळे मॅडम म्हणत. एकदा नव्या वर्षाच्या सुमाराला कुणा पुरवठादारानं साहेबांना डायरी आणि फळांची करंडी पाठवली. आभाराचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'गिफ्ट' हा शब्द मला फारच पोरकट वाटला. डिक्शनरीत त्याच्या शेजारपाजारी 'ग्रॅच्युइटी' असा भारदस्त शब्द सापडला, तो मी दिला ठोकून. मॅडमनी पत्र टाइप न करता माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, की हे असं गेलं तर साहेब नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांचे पैसे फळवाल्यानं चुकते केले, असा अर्थ होईल.

मग त्यांनी माझी शिकवणीच घेतली. डोनेशन संस्थेला देतात, टिप वेटरला, प्राइझ जिंकणाऱ्याला, आणि ब्राइब कुणाला देतात ते या इमारतीत वेगळं सांगायची गरज नाही. "तू आपला गिफ्ट म्हणत जा," त्या म्हणाल्या. "गिफ्ट म्हटलं की माणूस कुठंच चुकत नाही." हे वाक्य मी काळजावर कोरून घेतलं. पुढं जे झालं त्यात मॅडमचा काही दोष नाही. त्या आपल्या भाषेपुरतं बोलत होत्या.

मी राहायचो मल्लेश्वरममध्ये, एका मराठी घराच्या मागच्या अंगणातल्या खोलीत. हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलंच. त्यांच्या मराठीत कन्नड लोणच्यातल्या मिठासारखं मुरलेलं होतं. 'थोडं' म्हणायला 'स्वल्प' आणि 'बरं' म्हणायला 'सरी'. मी त्यांच्या बोलण्याला मनातल्या मनात हसायचो. ते माझ्या बोलण्याला उघड हसायचे. घरात माणसं तीन. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले अण्णा, त्यांची थोरली विधवा बहीण अक्का, आणि अण्णांची एकुलती एक मुलगी. ती जवळच्याच शाळेत शिकवायची. तिची आई ती लहान असतानाच गेली होती.

संध्याकाळी अण्णा पुढच्या कट्ट्यावर बसत आणि मी माझी डिक्शनरी पाजळायला त्यांच्याकडे जाई. माझा एक लाडका सिद्धांत होता. इंग्रज माणूस दिलदार. देणं म्हटलं की त्याचा एकच शब्द, गिफ्ट. आणि आपण? आहेर, ओटी, ओवाळणी, वाण, खाऊ, नजराणा, बक्षीस. देण्यातसुद्धा आपली छप्पन्न खाती.

अण्णा ऐकून घेत. मग विचारत, "गिफ्ट आलं तर पुढं काय करायचं?"

"थँक यू म्हणायचं."

"तेवढंच? मग सोपं आहे बा. आहेर आला तर पुढच्या कार्याला फेडावा लागतो. ओटी भरायला लागले तर नको म्हणता येत नाही. खाऊ आणला तर पोराच्या हातात ठेवून विसरायचा, बक्षीस दिलं तर चारचौघांत सांगायचं. एवढे शब्द काय हौसेनं केले होय? देणाऱ्याघेणाऱ्यानं पुढं कसं वागायचं, ते त्यात सांगितलंय."

"हे सगळं जुनाट झालं अण्णा," मी म्हणत असे. आत वह्या तपासत बसलेली त्यांची मुलगी त्यावर हसायची. तिचं हसणं ऐकू यावं म्हणूनच मी वाद घालत होतो हे आता लपवण्यात अर्थ नाही. मला ती फार आवडली होती. तिलाही मी अगदीच नकोसा नसावा, कारण माझी इस्त्री बिघडली की तिची इस्त्री विचारल्याशिवाय माझ्या खिडकीत येऊन बसलेली असे. माझ्या वडिलांनी गावाहून होकार कळवला होता. अक्कांचीही ना नव्हती. अडलं होतं ते अण्णांपाशी. मी विषय काढला की ते आभाळाकडे बघून पावसाबद्दल बोलत. शेवटी एकदा म्हणाले, "माझी साठी येतेय. घरात शांत करायची आहे. ती होऊ दे, मग त्याच दिवशी सांगतो."

म्हणजे साठीची शांत हा अण्णांचा वाढदिवस, पण माझी परीक्षा. आणि परीक्षेला मी रिकाम्या हातानं जाणार नव्हतो.

काय द्यावं यावर मी कारखान्यात चार दिवस डोकं खाजवलं. धोतरजोडी सगळेच देणार. ते झालं आहेर. मला द्यायचं होतं गिफ्ट. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्या माणसाला रोज काय करायला आवडतं ते बघ. अण्णांना रोज पहाटे तळ्याकाठी फिरायला जायला आवडायचं. झालं, मला सुचलं. फिरायला जाणाऱ्या माणसाला लागेल ते सगळं एकदम द्यायचं. बेंगळुरात कधी भुरभुर सुरू होईल नेम नाही, म्हणून छत्री. गुडघे कुरकुरत होते, म्हणून काठी. जुन्या वहाणांचे अंगठे तुटलेले, म्हणून नव्या चामडी वहाणा. पहाटे अंधार असतो, म्हणून टॉर्च. आणि वाटेत तहान लागली तर जवळ असावा म्हणून फिरकीचा तांब्या. रविवारी शिवाजीनगरच्या बाजारात दुकानं पालथी घालून मी एकेक वस्तू निवडली. काठी तर अशी घेतली, की दुकानदार म्हणाला, साहेब, ही माणसापेक्षा जास्त टिकेल.

माझ्या कल्पकतेवर मी इतका खूष होतो की सांगता सोय नाही. मॅडमनी सगळं गुलाबी कागदात बांधून वर फीत लावून दिलं. "थॉटफुल," त्या म्हणाल्या. आणि जाता जाता सांगितलं, की चांगलं गिफ्ट सगळ्यांसमोर लगेच उघडायला लावायचं, म्हणजे देणाऱ्यालाही आनंद मिळतो.

शांतीच्या दिवशी घर भरलं होतं. होम झाला, अण्णांच्या डोक्यावर कलशाचं पाणी झालं, जेवणाची पानं मांडायला थोडा वेळ होता. भटजी पान लावत निवांत बसले होते. एकेक जण येऊन आहेर देत होता. अक्का तो घेऊन न उघडता बाजूला ठेवत होत्या, कारण दिलेलं चारचौघांत उघडणं ही आपल्यात रीत नाही. मी गुलाबी गाठोडं घेऊन पुढं झालो, नमस्कार केला आणि अक्कांना म्हटलं, "असं ठेवू नका की. उघडून बघा."

"आत्ता?"

"इंग्रजी पद्धत आहे, अक्का."

अक्कांनी फीत सोडली. छत्री निघाली. लोकांनी कौतुकानं माना हलवल्या. मग वहाणा निघाल्या, तेव्हा अक्कांचा हात जरा थबकला. काठी निघाली तसं भटजींनी पान चघळणं थांबवलं. टॉर्च निघाला आणि दिवाणखान्यात बोलणं बंद झालं. शेवटी फिरकीचा तांब्या हातात घेऊन अक्का खालीच बसल्या.

हे सगळं माझ्या गिफ्टच्या थोरवीमुळं होतंय, असा माझा समज. सासऱ्यावर छाप पडावी म्हणून मी घसा खाकरून म्हणालो, "अण्णा, आता कधीही निघा. वाटेत कसलीच अडचण यायची नाही."

मग अक्का अगदी सावकाश म्हणाल्या, "गाय तेवढी राहिली, बा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस गेल्यावर बाराव्या-तेराव्याला त्याच्या नावानं भटजींना दान देतात. यमाच्या वाटेवर ऊनपाऊस लागतो म्हणून छत्री, वाळू तापलेली असते म्हणून वहाणा, आधाराला काठी, अंधाराला दिवा, तहानेला तांब्या. आणि वाटेतली नदी ओलांडायला गाय. आमच्या गावी मी अशी कितीतरी तेरावी बघितली होती. बघितली म्हणजे जेवलो होतो. माझं लक्ष कायम पंक्तीत वाढणाऱ्याकडे असायचं, कोपऱ्यात मांडलेल्या दानाकडे बघायला मला कधी सवडच झाली नव्हती. मरण लांब जावं म्हणून जिथं शांत मांडली होती, तिथंच मी यजमानाची वाटखर्चीची तयारी गुलाबी कागदात बांधून आणली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कांच्या डोळ्यांत पाणी होतं. नवऱ्याच्या तेराव्याला त्यांनी ह्याच वस्तू स्वतःच्या घरातून उचलून दिल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं, की ह्या घरातली माझी भाकरी संपली. मुलगी तर राहोच, मागची खोलीसुद्धा गेली. दारात ती उभी होती. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

भटजी पुढं सरसावले. अशा वस्तू घरात आल्या त्या आल्या, त्या देणाऱ्याला नुसत्या परत करता येत नाहीत. यजमानानं स्वतःच्या हातानं, संकल्प सोडून, सत्पात्र माणसाला दान कराव्यात, म्हणजे दोष जातो, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांची नजर छत्रीच्या मुठीवर होती. मूठ खरोखरच चांगली होती.

अण्णांनी छत्री उचलली, उघडली, मिटली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते. उपरण्यानं डोळे पुसत हसत होते.

"भटजी, तुमच्याकडे छत्री आहे," ते म्हणाले. "जावई सत्पात्र असतो की नाही, एवढं सांगा."

"असतो तर. जावई म्हणजे विष्णू."

"सरी." अण्णा अक्कांकडे वळले. "अक्का, मला भीती होती हा पोरगा फार हुशार आहे म्हणून. इंग्रजी शिकलेला, पोरीला घेऊन मुंबई-दिल्ली गाठायचा आणि आम्हाला पोस्टकार्डं टाकायचा. आता भीती गेली. जो माणूस होणाऱ्या सासऱ्याला जिवंतपणी तेराव्याचं दान आणून देतो आणि वर उघडायला लावतो, त्याच्या अंगात लबाडी असणं शक्य नाही. संकल्प सांगा भटजी, ह्या वस्तू मी जावयाला देतो."

दिवाणखाना मोकळेपणानं हसला. मीही हसणारच होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अण्णा, छत्रीच्या मागोमाग मला देऊन टाकू नका."

ती आत आली. रागावली नव्हती, पण शाळेत पोरांना गप्प करताना जशी बोलत असेल तशी बोलत होती. "छत्री तुम्हाला दिली होती, ती तुम्ही कुणालाही द्या. माझं मला वेगळं विचारा."

अण्णांचं हसू मावळलं. मग सगळ्यांसमोर त्यांनी तिला विचारलं, "चुकलं माझं. तुला पसंत आहे का?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि पानं वाढायला निघून गेली. त्या दिवशी संकल्प सोडून अण्णांनी त्या पाचही वस्तू मला दिल्या. जावई म्हणून दिल्या, पण जावई करायचा की नाही हे ठरलेलंच नव्हतं. वहाणा अण्णांच्या मापाच्या होत्या, मला त्या पडावासारख्या व्हायच्या.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. डिक्शनरी उघडली की अक्षरं दिसत नसत. साहेबांच्या पत्रात मी एका ठिकाणी 'युअर्स फेथफुली'च्या जागी नुसतंच 'युअर्स' लिहिलं आणि मॅडमनी माझ्याकडे काळजीनं बघितलं. एका संध्याकाळी मी बसमधून उतरून येत होतो. ती शाळेतून परत येत होती. आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्याच्या, कोपऱ्यावर फुलं विकायला बसतात, तिथं ती थांबली.

"मी अण्णांना सोडून लांब जायची नाही," ती म्हणाली. "ते बोलत नाहीत, पण मी गेले तर ते जेवायचे नाहीत. तुम्हाला उद्या मुंबईला मोठी नोकरी लागली तर?"

"नाही लागणार की. मला इंग्रजी येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे कुणाजवळ कबूल केलं. ती हसली. मग तिनं मोगऱ्याचा एक गजरा घेतला आणि घरी जाऊन अण्णांना हो म्हणून सांगितलं.

लग्न मल्लेश्वरममध्येच झालं. कन्यादानाला अण्णा पाटावर बसले तेव्हा त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं गेलेल्या बायकोच्या जागी भटजींनी सुपारी मांडली होती. माझ्या ओंजळीवर तिची ओंजळ, त्यावर अण्णांचा हात आणि वरून पाण्याची धार. भटजी एकेक शब्द सांगत होते, अण्णा स्वच्छ आवाजात म्हणत होते. गणिताच्या मास्तरांची संस्कृत वाणी चांगली होती. सगळं झालं, आणि भटजी म्हणाले, "म्हणा, न मम."

न मम म्हणजे माझं नाही. दान पुरं व्हायला हे दोन शब्द म्हणावे लागतात.

अण्णा बोलले नाहीत. भटजींना वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी परत मोठ्यानं सांगितलं. अण्णांचा हात आमच्या हातांवर तसाच होता. पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. ते शेजारच्या सुपारीकडे बघत बसले होते. "पुढं चला," अखेर ते म्हणाले. मुहूर्ताला उशीर होत होता. भटजी पुढं गेले.

आम्ही दोन गल्ल्या पलीकडे बिऱ्हाड केलं. दोन खोल्या, पुढं एवढासा व्हरांडा. आठवड्याभरानं सकाळी फिरून येताना अण्णा आले. बरोबर अक्का होत्या. त्यांनी पिण्याचं पाणी घरूनच आणलं होतं, कारण दान केलेल्या मुलीच्या घरचं पाणी माहेरच्यांना चालत नाही. निदान तिला मूल होईपर्यंत तरी नाही. बायको दोघांपुढं नुसतीच उभी होती. सवयीनं कॉफीचं भांडं चुलीवर चढवलं होतं आणि आता ते कुणाला द्यायचं, हे तिला कळत नव्हतं.

अण्णांनी वहाणा दारात काढल्या आणि खुर्चीवर बसले.

"कॉफीचा वास येतोय," ते म्हणाले. "स्वल्प दे की."

"अरे, तुला चालत नाही," अक्का म्हणाल्या. "दिलीस ना तिला?"

"कुणी दिली? ते दोन शब्द मी म्हटलेच नाहीत. भटजींना विचार."

बायकोनं पेला भरून अण्णांच्या हातात दिला आणि आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. अण्णांनी फुंकर घालत घालत कॉफी संपवली आणि रिकामा पेला पुढं केला. दुसऱ्यांदा मीच भरून दिली.